आमची वाटचाल: पल्सपासून युनिटपर्यंत

सुरुवात पॅनेल वायरिंगने झाली. मीटर आम्ही बाहेरून आणून बसवायचो. पुढे ‘प्रत्येक यंत्राची वीज वेगळी मोजून द्या’ अशी मागणी वाढली, तेव्हा मीटरिंग चिप घेऊन स्वतःचं मॉड्यूल करायचं ठरलं.

चिप आपलं काम चोख करते. व्होल्टेज आणि करंटचे क्षणाक्षणाचे नमुने गुणते, बेरीज करत राहते आणि ठरावीक ऊर्जा साठली की एक पल्स सोडते. आमच्या मॉड्यूलला ३२०० पल्स म्हणजे एक युनिट. म्हणजेच एका पल्समागे ११२५ ज्यूल. सेकंदाला एक पल्स आली तर लोड ११२५ वॅट. इथवर काहीच अवघड नाही.

धंद्याला वळण दिलं ते एका दुरुस्तीच्या कामाने. एक कारखानदार दुसरीकडून घेतलेलं मॉड्यूल घेऊन आले. “यंत्र चालू आहे, दिवा लुकलुकतोय, पण आकडा ८१९२ वरून हलत नाही.” चिप ठणठणीत होती. फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलमधला पल्स मोजणारा प्रोग्राम, मात्र प्रत्येक पल्सला ०.०००३१२५ युनिट ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे ठरावीक अचूकतेने साठवायचा प्रकार) मिळवत होतं. फ्लोटमधला आकडा मोठा होत जातो, तसं त्याच्या दोन लगतच्या किमतींमधलं अंतर वाढतं. ८१९२ च्या पुढे ते सुमारे ०.०००९८ होतं, त्याच्या निम्म्यापेक्षा लहान भर घातली की ती गोलाकारणीत गडप. गंमत म्हणजे ४०९६ ते ८१९२ च्या टप्प्यात हेच मीटर दीडपटीहून जोरात पळालं असणार, आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं! आम्ही फक्त पूर्णांकात पल्स मोजतो, भागाकार आकडा दाखवताना. त्या कारखान्याची सगळी मॉड्यूल्स मग आमच्याकडूनच गेली.

हल्ली सगळ्यात जास्त वेळ कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचं माप अचूक जुळवणं, खातं. सीटीमुळे (करंट मोजण्याजोगा लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंटच्या लाटांमधलं अंतर, एका अंशाने सरकला, तरी हीटरच्या लोडवर काही कळत नाही, चूक ०.०१५ टक्के. तोच अंश ०.५ पॉवर फॅक्टरवर (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा) ३ टक्के खातो, आणि कारखान्यात हलक्या लोडवर चालणाऱ्या मोटारी कमी नसतात. त्यामुळे गेन (मापाचा गुणक) युनिटी, म्हणजे १ पॉवर फॅक्टरवर जुळवायचा, फेज ०.५ वर, आणि तेही प्रत्येक मॉड्यूल त्याच्या स्वतःच्या सीटीसकट. माल उशिरा निघतो, विक्रीवाले कुरकुरतात. कुरकुरू देत. सीटी बदलून आली की आम्ही मॉड्यूल पुन्हा कॅलिब्रेशनच्या बेंचवर लावतो.

सध्या थ्री-फेज मॉड्यूलचं काम चालू आहे. तिथे हे सगळं तिनदा.