दुपारी अडलेली अल्पाका

पेरूच्या दक्षिणेला, कुस्को आणि पुनो या प्रांतांच्या सीमेवर ला राया नावाची खिंड आहे. तिच्या आसपासच्या, सुमारे 4,300 मीटर उंचीवरच्या कुरणांत अल्पाका या उंटाच्या कुळातल्या, लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या कळपांची तपासणी आणि उपचार करणे हे माझे काम. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझा हात बसला तो गाई-म्हशींवर, आणि म्हणूनच इथली एक गोष्ट मला सर्वांत आधी जाणवली: अल्पाकाची मादी आपल्या पिल्लाला चाटत नाही. म्हैस व्यायली की ती रेडकाला चाटून कोरडे करते, आणि त्या चाटण्यानेच त्याच्या अंगात ऊब येते. अल्पाकाची जीभ तोंडाबाहेर फारशी येतच नाही. ती पिल्लाला हुंगते, घशातल्या घशात गुणगुणत त्याच्याभोवती फिरते. त्याला सुकवायचे काम मात्र ऊन आणि वारा यांनीच करायचे असते.

इथल्या पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च या काळात, सकाळी बहुधा लख्ख ऊन असते आणि दुपारनंतर गारा किंवा बर्फ पडतो. साडेअकरा महिन्यांच्या गाभणकाळानंतर माद्या नेमक्या याच हंगामात वितात, कारण तेव्हा दलदलीच्या कुरणांत हिरवा चारा असतो. आणि वितात त्याही बहुतेक सकाळी, दुपार चढण्याच्या आत. रात्रीच्या थंडीपूर्वी पिल्लाला सुकायला, उभे राहायला आणि चीक प्यायला पुरेसे तास मिळतात. उंचीवर जगण्याच्या या प्राण्याच्या तयारीचा विचार करताना आपण रक्त, फुप्फुसे, लोकर यांकडे पाहतो; विण्याची वेळ हाही त्याच तयारीचा भाग आहे, हे मला त्या फेब्रुवारीतल्या दिवशी पटले.

त्या दिवशी मी अँडीज पर्वतातल्या मूळनिवासी क्वेचुआ समाजातल्या एका कुटुंबाच्या कळपात रक्ताचे नमुने घेत होते. दोन वाजून गेले होते आणि पश्चिमेकडून ढग भरून येत होते. कळपाची मालकीण, साठीच्या घरातली बाई, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दोक्तोरा, ती तपकिरी मादी बघा. सकाळपासून चरत नाही, आणि आता कळा देते आहे. दुपारनंतर विणारी मादी अडलेलीच असते."

मादी कळपापासून बाजूला बसली होती. पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. बाहेर एक खूर आणि नाकाचे टोक दिसत होते. दुसरा पाय कुठेच नव्हता. अल्पाकाचे कटीर अरुंद असते आणि पिल्लाची मान व पाय लांब, त्यामुळे एक गुडघा मागे दुमडला तरी वाट बंद होते. मी हात कोपरापर्यंत धुतला, भरपूर वंगण लावले आणि दोन कळांच्या मधल्या वेळात पिल्लाला हळूहळू मागे ढकलून जागा केली. दुमडलेला गुडघा बोटांना लागला. तिथून खाली जात खूर सापडला. हे खूर म्हणजे नखाचे टोकच असते आणि या जनावराची गर्भाशयाची भिंत पटकन फाटते. म्हणून खूर तळहाताच्या खोलीत पूर्ण झाकून धरला आणि पाय सरळ करून वाटेवर आणला. पुढच्या दोन कळांत पिल्लू बाहेर आले.

ओणवे राहून एवढे काम केल्यावर मला धाप लागली होती. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच असतो. माणूस तिथे राहिला की त्याचे शरीर लाल पेशी वाढवत जाते, आणि काहींमध्ये रक्त इतके दाट होते की तोच आजार ठरतो. कार्लोस मोन्हे या पेरूच्या डॉक्टरांनी 1925 मध्ये त्याचे वर्णन केले. गाईगुरे या उंचीवर आणली, तर फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जाड होऊन काहींच्या छातीखाली पाणी साठते. अल्पाकाचे तसे होत नाही. तिच्या लाल पेशी लहान आणि लंबगोल असतात, आणि तिचे हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही ऑक्सिजन घट्ट पकडते. म्हणून रक्त दाट न करताच तिचे भागते. नाकावरचा चिकटा पुसताच त्या पिल्लाचा श्वास संथ आणि नियमित चालू झाला. श्वासाची चिंता नव्हती. चिंता होती ती थंडीची.

त्याच्या अंगावर जन्मतः असणारा पातळ, पारदर्शक पापुद्रा ओठ, पापण्या आणि खुरांच्या कडांना चिकटलेला होता. उन्हात तो वाळून आपोआप सुटतो. इथे ऊन गेले होते आणि गारा सुरू झाल्या होत्या. निरोगी पिल्लाचे तापमान 38 अंशांच्या आसपास असते. माझ्या तापमापकावर 35.6 दिसले. आम्ही त्याला चुलीपाशी नेले. एवढ्या उंचीवर झाडे नाहीत, चुलीत जळते ती अल्पाकाचीच वाळलेली लेंडी. मी टॉवेलने त्याला चोळत राहिले, पण वास पुसला जाऊन आई त्याला नाकारील या भीतीने मालकिणीने मादीलाही दारात आणून बांधले आणि थोड्या थोड्या वेळाने पिल्लू तिच्या नाकापाशी धरले. दरम्यान मी नाळेला आयोडीन लावले, मादीच्या चार सडांतून चीक पिळून काढला आणि पिल्लू चोखू लागताच बाटलीने पाजला. वारेतून आईची प्रतिपिंडे या पिल्लांना मिळत नाहीत. त्यांचे सगळे संरक्षण त्या पहिल्या चिकावर अवलंबून असते. अंधार पडण्याच्या सुमारास तापमान 37.9 झाले, आणि ते स्वतः कासेला लागले.

जेवताना मालकीण म्हणाली की ही मादी आता विकायची. दुपारी विणारी कळपात ठेवायची नाही, असे तिच्या आईनेही तिला शिकवले होते. व्हिकुन्या या तिच्या रानटी पूर्वजापासून अल्पाका माणसाळली त्याला सहा-सात हजार वर्षे झाली, आणि इतक्या पिढ्यांतल्या गुराख्यांनी हाच नियम पाळला असेल, तर सकाळी विण्याच्या सवयीत त्यांच्या निवडीचाही वाटा असावा, असे मला वाटते. तिच्या नियमाबद्दल मला आदर आहे, आणि तरीही मी तिच्याशी वाद घातला: उशीर मादीच्या स्वभावामुळे झाला नव्हता, पिल्लाच्या दुमडलेल्या पायामुळे झाला होता, आणि कळा कदाचित सकाळीच सुरू झाल्या होत्या. तिने बराच वेळ विचार केला, पिल्लाच्या पायांकडे पुन्हा पाहिले, आणि पुढच्या हंगामातली एक वीण पाहून मग ठरवायचे कबूल केले.