आमची वाटचाल : बोअरच्या पॉइंटपासून नकाशापर्यंत

२००९ साली फलटणला बसस्टँडजवळच्या गाळ्यात धंदा सुरू केला, तेव्हा पाटीवर एवढंच होतं: 'बोअरसाठी पॉइंट काढून मिळेल.' मी भूशास्त्रात एमएस्सी केलेलं, पण गिऱ्हाइकाच्या लेखी आमची स्पर्धा पाणाड्याशी. तो तळहातावर नारळ घेऊन रान फिरायचा, आम्ही मीटर, वायरी आणि चार खुंट्या घेऊन, जमिनीत करंट सोडून खालचा थर ओळखायला. मे महिन्यात वाळलेल्या जमिनीत खुंटीतून करंटच जात नसे, मग तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. ते बघून एक पाहुणे म्हणाले होते, "पाणी शोधाय आलाय का पाजाय?"

पॉइंट लागत गेले, काही कोरडेही गेले. कोरड्या बोअरची बातमी तालुकाभर पोचते, लागलेल्याची बांधापलीकडेही जात नाही. धंदा मात्र चालत राहिला.

पाच वर्षांनी नीरा कालव्याच्या पट्ट्यातले एक आजोबा बाटली घेऊन गाळ्यात आले. बोअर आम्हीच दाखवलेलं. "पाणी दावलंसा, पण पोरांना द्यावं का न्हाई ते सांगा." तपासणीत नायट्रेट, म्हणजे खतातून पाण्यात उतरणारा क्षार, पिण्याच्या पाण्याच्या लिटरला ४५ मिलिग्रॅम मर्यादेच्या दुपटीवर निघालं. घरी उकळून पीत होते. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. हे त्यांना सांगताना माझीच जीभ जड झाली.

तिथून आमचं काम वळलं. भाचा नकाशे करायला शिकला आणि आम्ही 'ड्रास्टिक' पद्धत हातात घेतली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेसाठी १९८७ मध्ये तयार झालेली ही पद्धत. पाणी आज खराब आहे का, हे ती सांगत नाही. वर सांडलेलं खालच्या पाण्याला किती सहज गाठेल, ते सांगते. पाण्याची खोली, पुनर्भरण, पाणी धरणारा खडक, माती, उतार, मधला कोरडा थर आणि खडकातून पाणी सरकण्याची क्षमता, अशा सात गोष्टींना गुण द्यायचे, प्रत्येकाच्या वजनाने गुणायचे आणि बेरीज करायची. खोलीला आणि मधल्या थराला वजन पाच, उताराला एक. इथे जास्त गुण म्हणजे नापास!

पहिला नकाशा आम्ही एका गावात चावडीवर लावला. माळावरचा मुरूम लाल, कालव्याखालचं काळं रान हिरवं, म्हणजे सुरक्षित. आणि नायट्रेट सगळ्यात जास्त त्या हिरव्यातच. मागून कुणीतरी म्हणालं, "सायेब, हिरवा म्हंजी ऊस दिसतोय, पाणी नव्हं." सगळी चावडी हसली. आम्हीही हसलो, पण गाडीत बसल्यावर कुणी बोललं नाही.

चूक माझी होती. काळी माती चिकण, पाणी मुरू देत नाही, म्हणून मी तिला एक गुण दिला होता. पण ती उन्हाळ्यात फाटते. पुढच्या मे महिन्यात एका भेगेत हातभर काठी घातली, तळ लागला नाही. कालव्याचं पहिलं पाणी खतासकट तिथूनच खाली जातं. मूळ पद्धतीत अशा फाटणाऱ्या चिकणमातीला सात गुण दिलेले आहेत. मी तक्ता नीट वाचलाच नव्हता. मातीचं वजन दोन, म्हणजे बारा गुणांचा फरक. पट्टा पिवळ्यात गेला.

लाल तरीही नाही. शेतात किती युरिया पडतो, हे या पद्धतीत मोजलंच जात नाही. आणि खोल बोअरमध्ये नायट्रेट कसं, याचं उत्तर नकाशात नव्हतं, ते कानाला मिळालं. पंप बंद असताना बोअरच्या तोंडाशी कान लावला, तर आत नळ चालू राहिल्यासारखी धार पडत होती. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाला बसवलेला पाइप, वीस फुटांचं, त्याखाली मांजऱ्यातला, म्हणजे मऊ सच्छिद्र खडकातला, वरचा झरा उघडा, आणि त्याचं पाणी थेट दोनशे फुटांवर. मधला काळा पाषाण हजारो वर्षं जे अडवून होता, ते आम्ही दाखवलेल्या भोकाने एका दुपारी मोकळं केलं होतं.

धंद्याचंही सांगतो. एका कारखान्याने आपल्या जागेचा लाल रंग 'जरा फिका' करून मागितला. आम्ही केला नाही. शेवटचा हप्ता अजून यायचा आहे, तो आम्ही वहीतून खोडला.

आज आम्ही सहाजण आहोत. मे आणि ऑक्टोबरमध्ये विहिरींची फेरी असते. टेप पाण्याला टेकली की पीप वाजतं आणि पोरं ओरडतात. पॉइंट अजूनही काढतो, पगार त्यावरच होतात. फक्त आता चिठ्ठीवर केसिंग किती फूट आणि बाहेरची फट सिमेंटने कुठवर भरायची, तेही लिहून देतो. बोअर मारणारे गाडीवाले कुरकुरतात, गिऱ्हाईक म्हणतं, जादा पाइपाचे पैसे कोण देणार? परवा त्या आजोबांच्या नातवाने नवं बोअर घेतलं. चिठ्ठीत केसिंग साठ फूट होतं. घासाघीस करून पन्नासावर आला, सिमेंटचं पोतं मात्र स्वतः उचलून आणलं.