आर्नोस व्हेल: छत्रीच्या पलीकडे

इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या आर्नोस व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांच्या समाधीचे फोटो निघाले आणि आमचा ग्रुप गाडीकडे वळला. मला मनापासून राग आला. बाथ शहर झालं, क्लिफ्टनचा झुलता पूल झाला, तिथे तासन् तास गेले. इथे मात्र 'चला, चला'! मी हट्टाने मागे राहिले.

ब्रिस्टॉलच्या बाथ रोडवरची ही दफनभूमी 1839 साली सुरू झाली. 1832 च्या कॉलऱ्यानंतर शहरातल्या चर्चच्या आवारांत पुरायला जागा उरली नव्हती. वास्तुरचनाकार चार्ल्स अंडरवुड. फाटकापाशीच त्याच्या दोन चौक्या, जाडजूड डोरिक, म्हणजे साध्या माथ्याच्या ग्रीक धाटणीच्या, खांबांच्या. आत डोंगरउतारावर दोन चॅपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनागृहं: एक चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांचं, दुसरं त्या चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांचं. मेल्यावरही जमिनीची वाटणी होतीच. पण अंडरवुडने दुसऱ्यांना डावललं नाही, हे मला फार भावलं. पहिल्याला इटालियन धाटणीचा घंटेचा मनोरा दिला, तर दुसऱ्याला ग्रीक देवळासारखा दर्शनी भाग. चार आयोनिक खांब, माथ्यावर गुंडाळी घेतलेले. मी जवळ जाऊन खांबावर हात ठेवला. मधाळ रंगाचा दगड, उभ्या पन्हळी, कडा पावसाने बोथटलेल्या. मला विचाराल तर हेच जास्त देखणं.

राममोहन 1833 मध्ये ब्रिस्टॉलला वारले. आधी जवळच्या स्टेपलटनला पुरलं होतं, 1843 मध्ये इथे आणलं. द्वारकानाथ टागोरांनी वर छत्री उभारली, आराखडा विल्यम प्रिन्सेपचा. एकेश्वराचा हा उपासक या दोन्हींपैकी कुठल्याच चॅपेलचा नव्हता, तरी ग्रीक खांबांच्या या बागेत बंगाली छत्री जराही उपरी वाटत नाही. मुंबईच्या प्रार्थना समाजाची प्रेरणा त्यांच्याच ब्राह्मो समाजातली, म्हणून मला तिथे आपल्या घरच्या माणसापाशी उभं राहिल्यासारखं झालं.

हे सगळं जवळजवळ गेलंच होतं. 1980 च्या दशकात दफनभूमीच्या खासगी मालकाला इथे बांधकाम करायचं होतं. गावकरी वर्षानुवर्षं भांडले, 2003 मध्ये नगरपालिकेने जागा ताब्यात घेतली, आणि चॅपेलं दुरुस्त होऊन 2010 मध्ये उघडली. आता तिथे लग्नंही लागतात.

टूरवाल्यांना कळकळीची विनंती: इथे अर्धा दिवस द्या. बाथमधली खरेदी कमी करा हवी तर.