अकराव्या प्रकरणानंतर

"पिकअप गेलंय, अख्खा सेट बदलावा लागेल," असं गाडीतल्या सीडी प्लेअरचं निदान आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं. गाडी आमच्याकडे आली ती दुसरं मत घ्यायला. चालवत होत्या एक निवृत्त शिक्षिका, शेजारी त्यांचे यजमान. काकांची नजर इतकी अधू झाली होती की छापील अक्षर लागत नव्हतं. म्हणून बाई कादंबऱ्या मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या, त्यांच्या एमपी थ्री फाइली सीडीवर भरायच्या आणि प्रवासात दोघं ऐकायची. म्हणजे बेत तसा होता. पाऊचमधली एकही सीडी धड वाजत नव्हती.

पिकअप म्हणजे सेटमधला, लेझरने सीडी वाचणारा भाग. आमच्या धंद्यात 'पिकअप गेलं' हे वाक्य फार चटकन तोंडात येतं. इथे विकत घेतलेली गाण्यांची सीडी त्याच सेटवर स्वच्छ वाजत होती, आमची तपासणीसाठी ठेवलेली एमपी थ्री सीडीसुद्धा. मग सेट उघडायचा कशाला? मी पाऊच मागून घेतलं आणि सीड्या उजेडात उलटसुलट करून पाहिल्या.

काही करड्या, काळपट झाकेच्या होत्या. त्या सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या. छापील सीडी लेझरचा साधारण 70 टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू 15 ते 25 टक्केच. पुष्कळ जुन्या सेटना एवढ्याशा परताव्यावर काही उमगत नाही. या सेटनेही त्यांना 'एरर' दाखवून बाहेर ढकललं. त्या बाजूला ठेवल्या.

उरलेल्या साध्या सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या. त्यांतल्या बऱ्याच सीड्यांवर सेट 'एरर' न म्हणता 'नो फाइल' म्हणत होता, आणि हा फरक महत्त्वाचा. डिस्क वाचता येत होती, तिच्यावरची मांडणी कळत नव्हती. कोरी सीडी घातली की कॉम्प्युटर विचारतो, ही पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेअरमध्ये वाजवायची? बाईंनी पहिला पर्याय निवडला होता. वाटेल तेव्हा फाइल टाकता-काढता येते, कोण नाही म्हणेल? पण त्या पर्यायात सीडीवर यूडीएफ पद्धतीची मांडणी होते. गाडीतला सेट शोधतो 1988 सालच्या आयएसओ 9660 या मानकाची मांडणी. सुरुवातीचे 16 सेक्टर, म्हणजे माहितीचे कप्पे, सोडून पुढे तो तिचा मथळा बघतो आणि तो नसला की त्याच्या लेखी डिस्क रिकामी. घरच्या कॉम्प्युटरला दोन्ही पद्धती येतात, म्हणून बाईंना घरी सगळं नीट दिसायचं. "माझ्याकडे वाजते हो," हे त्या परत परत सांगत होत्या आणि ते खरंच होतं.

त्यांनी लॅपटॉप बरोबर आणला होता. त्यातल्या फाइली घेऊन मी दुसऱ्या पर्यायाने नवी सीडी लिहिली, वेग कमी ठेवला आणि शेवटी डिस्क बंद केली, म्हणजे तिच्यावर पुढे काही लिहिता येणार नाही अशी. सेटने ती लगेच घेतली. बाईंचा आवाज स्पीकरमधून आला. मी बिल करायला वळलो.

"थांबा," काका सीटवरून म्हणाले. "पहिल्यानंतर एकदम दहावं कसं लागलं?"

बाईंनी फाइलींना 'प्रकरण १', 'प्रकरण २' अशी नावं दिली होती. सेटला आकड्यांची किंमत कळत नाही, तो अक्षरं लावतो. त्यामुळे एकनंतर दहा, अकरा, आणि कितीतरी वेळाने दोन. गाण्यांत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कादंबरीत मेलेला माणूस जिवंत होऊन पाणी मागतो. शिवाय नावं देवनागरीत असल्यामुळे पडद्यावर नुसते चौकोन दिसत होते. मी नावं बदलून आधी 001, 002 असे इंग्रजी आकडे टाकले. पुढची देवनागरी काढू का म्हणून विचारलं, तर बाई हसल्या. "यांना पडदा दिसतोय कुठे? राहू द्या चौकोन."

आता क्रम बरोबर लागला, पण सेट बारावं प्रकरण गाळून सरळ एकविसाव्यावर गेला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. फाइली खराब म्हणाव्यात तर लॅपटॉपवर वाजत होत्या. सीडी बदलून पाहिली. नावं तपासली, फोल्डर तपासला. आधीचं निदान खरं ठरतं की काय, अशी शंका एवढ्यात पहिल्यांदा आली.

लॅपटॉपवर बारावं प्रकरण चालू होतं आणि काका गाडीचं दार उघडं टाकून ऐकत होते. म्हणाले, "इथून हिचा आवाज टेलिफोनवरचा होतो. एकविसाव्यात परत बरा. मी तेव्हाच म्हटलं होतं हिला, पण ऐकतंय कोण!"

बाईंना आठवलं. रेकॉर्डरची जागा भरत आली म्हणून त्यांनी सेटिंग उतरवलं होतं आणि मोकळी जागा झाल्यावर परत वर नेलं होतं. मी फाइलीची माहिती उघडली. बारा ते वीस, सगळ्यांचा सँपलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, 11.025 किलोहर्ट्झ. बाकीच्यांचा 44.1.

गाठ तिथेच होती. मूळ एमपी थ्री मानकात 32, 44.1 आणि 48 किलोहर्ट्झ एवढेच दर आहेत. पुढच्या मानकात 16, 22.05 आणि 24 आले. 11.025 आणि त्याच्या आसपासचे दर एमपेग 2.5 नावाच्या जोडणीतले, जी अधिकृत मानकात कधी आलीच नाही. कॉम्प्युटर ते चालवून घेतो. या सेटमधली चिप तशी फाइल दिसली की काही न बोलता पुढे जायची, पडद्यावर ना एरर ना काही. आणि 11.025 म्हणजे त्याच्या निम्म्या, साडेपाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज नोंदलाच जात नाही. बोलण्यातल्या 'स'सारख्या चिरक्या आवाजाचा बराचसा भाग त्याच्या वरच असतो. काकांना खटकत होतं ते तेच.

त्या फाइली 44.1 वर, मोनो, 64 केबीपीएसने, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट या दराने, पुन्हा एन्कोड केल्या. बोलण्याला एवढं पुरतं. साध्या ऑडिओ सीडीत 80 मिनिटं बसतात, पण 64 केबीपीएसच्या हिशेबाने 700 एमबीच्या सीडीत 24 तासांच्या वर वाचन मावतं, म्हणजे अख्खी कादंबरी एकाच डिस्कवर. जाताजाता बाईंनी हौसेने चिकटवलेली कागदी लेबलंही दाखवली. आत ओढून घेणाऱ्या सेटमध्ये गाडी तापली की ती सुटतात आणि मग मात्र सेट खरोखरच उघडावा लागतो.

नवी सीडी घातली. अकरा संपलं, बारा लागलं. बाईंनी टाळी वाजवली. काका मान हलवेनात.

"टेलिफोन तसाच आहे."

"तसाच राहणार, काका. जे मुळात रेकॉर्ड झालं नाही ते मला आता आणता येणार नाही."

"मग ही नऊ प्रकरणं परत वाचायची का मी?" बाई.

"वाच की," काका म्हणाले. "आणि चौदावं जरा सावकाश. मागच्या वेळी घाईत एक पान गाळलं होतंस."