नावे नसलेली माणसे

फिलिपिन्सची राजधानी मनिला येथील पहिले दोन दिवस पावसाने आणि वाहतुकीच्या कोंडीने गिळले. तिसऱ्या दिवशी इंट्रामुरोस या तटबंदीतील जुन्या शहरात गेले. घोडागाडीवाल्याला तासाभरात सगळे दाखवायचे होते. त्याची घाई मला मानवेना, म्हणून सांता इझाबेलच्या लहानशा चौकात मी गाडी सोडून दिली. उरलेली दुपार तेथेच गेली.

त्या चौकात ‘मेमोरारे मनिला १९४५’ हे स्मारक आहे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक आई निष्प्राण मूल कुशीत घेऊन बसली आहे आणि तिच्या भोवती माणसे कोसळली आहेत. जानेवारी १९४२ मध्ये जपानने हे शहर घेतले. तीन वर्षांनी अमेरिकी फौजा ते परत घ्यायला आल्या, तेव्हा जपानी सेनापती जनरल यामाशिता यांचा बेत डोंगराळ भागात माघार घेण्याचा होता. मात्र रिअर ॲडमिरल इवाबुची यांचे नौसैनिक शहरातच ठाण मांडून लढले आणि त्यांनी घराघरांत, शाळांत, चर्चमध्ये निःशस्त्र लोकांची कत्तल केली. अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांनी विमानांतून बाँब टाकण्यास मनाई केली होती, तरी अमेरिकी तोफा थांबल्या नाहीत, आणि त्या माऱ्यात आत अडकलेले रहिवासीही मेले. ३ मार्च १९४५ रोजी लढाई संपली, तेव्हा सुमारे १ लाख नागरिक गेले होते आणि इंट्रामुरोसमधील सात मोठ्या चर्चपैकी केवळ सान आगुस्तीन उभे होते. आपल्या भाषेत मुक्ती म्हणजे सुटका आणि मुक्ती म्हणजे मरणही. हे दोन्ही अर्थ एकाच महिन्यात एका शहराच्या वाट्याला आल्याचे मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात एक वृद्ध बाई आल्या आणि त्यांनी शिल्पाच्या पायाशी साम्पागिताचा हार ठेवला. साम्पागिता म्हणजे आपला मोगराच. त्या वासाने मला एकदम घरची आठवण झाली. त्यांची मावशी तोफेच्या गोळ्याने गेली होती, तिचा देह मिळाला नाही. “आणि आई वाचली, ती अमेरिकी सैनिक आले म्हणून,” त्या म्हणाल्या. राग कोणावर करावा, हे मला तेव्हा कळले नाही आणि अजूनही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी अमेरिकी युद्धस्मशान पाहिले. तेथे सुमारे १७,००० थडगी आहेत आणि बेपत्ता सैनिकांचीही नावे भिंतींवर कोरलेली आहेत. ती वाचताना मी मावशीचे नाव आठवू लागले, आणि मग लक्षात आले, की ते विचारायचेच राहिले होते.