एका गाण्याचे दोन ड्रमर

पुण्यात एका इमारतीच्या तळघरात माझी जॅमरूम आहे. बँड तासाच्या हिशेबाने येतात, तालीम करतात, जातात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की आवाज थांबतो, असं अजूनही लोकांना वाटतं. ट्रेंनी खोलीतला झणझणाट थोडा कमी होतो, बस. बेस गिटार आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, यांचा आवाज काँक्रीटमधून सरळ वरच्या मजल्यावर पोचतो. म्हणून मी मूळ भिंतीपासून अंतर सोडून दुसरी भिंत उभारली, मध्ये आवाज शोषणारं रॉकवूल भरलं, ड्रमसेटखाली रबरावर टेकलेला लाकडी ओटा केला. या कामाचा मला अभिमान आहे.

हे सगळं ज्याच्यासाठी लागतं तो ड्रमर मात्र दुर्मीळ असतो. गिटार हॉस्टेलवर हेडफोन लावून वाजवता येते. ड्रमसेट कुठली सोसायटी खपवून घेईल? त्यामुळे एकेक ड्रमर तीन-तीन बँड सांभाळतो आणि लाइनअप फुटायला लागते तीही बहुधा तिथूनच.

माझ्याकडे येणारा एक बँड इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात जमला. गिटारवाले बदलले, बेसवाला परगावी गेला. सुरुवातीपासून टिकले ते गाणारी मुलगी आणि ड्रमर. मग ड्रमरला हिंजवडीत रात्रपाळीची नोकरी लागली, तालमी बुडायला लागल्या. एका शनिवारी गिटारवाला नवा ड्रमर घेऊन आला. तो सेटवर बसतोय तोच जुना दारात उभा, खांद्यावर सिंबलची, म्हणजे ड्रमसेटच्या झांजांची बॅग. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. तासन्‌तास एकत्र वाजवणारी ही मुलं एक फोन करायला कचरतात, याचा मला मनापासून राग येतो.

जुना काही बोलला नाही. बॅग उघडून त्याने स्वतःचे सिंबल स्टँडवर चढवले आणि नव्याला म्हणाला, "यांचं एक गाणं सात मात्रांचं आहे. आधी ते बघ."

नवा तबला शिकलेला. म्हणाला, "म्हणजे रूपक."

"रूपकात तीन आधी येतात. ती ती ना, धी ना, धी ना. आपल्या रिफमध्ये दोन, दोन आणि मग तीन." आणि मांडीवर वाजवून दाखवलं.

पोराने ते लगेच उचललं. कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी यंत्राची टिकटिक लावून त्याने गाणं असं वाजवलं की एक ठोका इकडचा तिकडे नाही. गिटारवाला खूश. पण दुसऱ्या कडव्यात गाणारी थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच थांबली. "श्वास घ्यायला जागाच नाहीये," ती म्हणाली.

मी मिक्सरवर होतो, मला ते ऐकू आलं. जुना त्या शेवटच्या तिनातला स्नेअरचा, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा ठोका किंचित उशिरा मारायचा. तेवढ्या फटीत ती श्वास घ्यायची; तिने ते गाणं त्याच्यासोबतच बसवलं होतं. एका स्पर्धेत परीक्षकांनी याच मागे रेंगाळण्याला दोष म्हटलं होतं. मी क्लिक बंद करून जुन्याला एकदा वाजवायला सांगितलं. ती अखेरपर्यंत अडखळली नाही.

मुंबईचा 'रॉक मशीन' हा रॉक बँड १९८४ साली सुरू झाला, १९९३ मध्ये त्याचं नाव 'इंडस क्रीड' झालं. मधल्या मोठ्या खंडानंतर २०१० मध्ये तो परत उभा राहिला, तेव्हा गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुनेच होते. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी नवे आले. श्रोते बँड ओळखतात ते आवाजावरून आणि गिटारवरून. म्हणून ताल धरणारे बदलले तर चालतं, असा समज बँडमध्येही रुजलाय. मला तो पटत नाही. त्या दिवसापासून तर मुळीच नाही.

आता नवाच त्यांच्यात वाजवतो. मेहनती मुलगा आहे, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. जुना सिंबल परत घेऊन गेला. रात्रपाळीमुळे सध्या कुठेच वाजवत नाही. गाण्याचं रेकॉर्डिंग ठरतंय आणि गिटारवाल्याला क्लिक हवाच आहे. क्लिकशिवाय, सगळ्यांनी एकत्र बसून वाजवावं, असं मी सांगितलंय. गाणारी माझ्या बाजूने आहे. नवा म्हणतो, जुन्या तालमींची रेकॉर्डिंग द्या, तो स्नेअर कुठे पडायचा ते मला ऐकायचंय. मी त्याला ती काढून देतोय.