एसएसडी म्हणते, पुसलं

खराडीच्या एका ऑफिसचे जुने लॅपटॉप विकण्याआधी पुसायला म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या आमच्या माळ्यावर आले, तेव्हा सोबत एक कागद होता. प्रत्येक डिस्क सात वेळा ओव्हरराइट करून, म्हणजे जुन्या मजकुरावर नवं लिहून, सर्टिफिकेट द्यावे. आत सगळ्या एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी फ्लॅश चिपवर साठवणाऱ्या. सात वेळा ओव्हरराइट ही फिरत्या चकतीच्या काळातली गोष्ट, पण नवी पॉलिसी जुन्या पॉलिसीवरून उतरवून काढतात, त्यामुळे ती काही मरत नाही.

एसएसडीला ‘इथे लिही’ म्हटलं तरी कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी आतली चिप, तिथे लिहीत नाही. फ्लॅशची झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो दुसऱ्याच रिकाम्या ब्लॉकवर लिहितो आणि स्वतःच्या तक्त्यात पत्ता बदलतो. जुना मजकूर मागे पडून राहतो. शिवाय काही जागा त्याने राखीव ठेवलेली असते, ती विंडोजला दिसतच नाही. सातदा लिहून तिथपर्यंत पोचल्याची खात्री नाही. झीज मात्र नक्की. म्हणून पुसायला कंट्रोलरलाच सांगावं लागतं. डिस्क साटा जोडणीची असेल तर सिक्युअर इरेज ही कमांड, नव्या एनव्हीएमई जोडणीची असेल तर फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. सॅनिटाइझ माझं लाडकं. एकदा सुरू झालं की मध्येच वीज गेली तरी परत आल्यावर पुढे चालू होतं, आणि गुरुवारी पुण्यात दुकान उघडणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. साटावाल्या मात्र छळतात. पुष्कळ लॅपटॉपचा बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्राम, चालू होतानाच त्यांना ‘फ्रोझन’ करून ठेवतो, मग त्या इरेजची कमांड घेतच नाहीत. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकायचा, जागा करायचा, की बहुतेक वेळा सुटतात. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

लॉट सुरळीत चालला होता. एका लॅपटॉपची मूळ एसएसडी बदलून कोणीतरी स्वस्तातली साटा बसवली होती, लेबलवर कधी न ऐकलेलं नाव. इरेजला दोन मिनिटं लागतील असं ती स्वतःच सांगत होती. कमांड दिली आणि लगेच उत्तर, झालं. आमचा नवा मुलगा हिरवं सर्टिफिकेट छापायलाही निघाला. “दादा, पास आहे.”

नुसत्या वेगावरून संशय घ्यायचा नसतो. ज्या आतल्या आत एन्क्रिप्ट करतात त्या फक्त किल्ली बदलतात, त्यांचं काम क्षणात होतं. ही तसली नव्हती. डिस्कवरचा कच्चा मजकूर दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली तर समोर पगारपत्रक. नावं, पॅन नंबर, बँकेची खाती. बाकी लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, होतं. ही बसवणाऱ्याने ते चालू करायची तसदी घेतली नव्हती.

असं होऊ शकतं हे 2011 पासून छापील आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी फ्लॅश चिप थेट वाचून बघितल्या, तेव्हा एका ड्राइव्हने काम फत्ते म्हणून सांगितलं होतं आणि डेटा जागच्या जागी होता. तरी काही सॉफ्टवेअरं अजून ड्राइव्हच्या शब्दावर सर्टिफिकेट छापतात.

शेठ म्हणाले, “अरे, शून्यं भर आणि विकून टाक. चिप काढून कोण बघतंय?”

शून्यं भरली असती तर हेक्समध्ये खरंच काही दिसलं नसतं. पण मला दिसतं ते कंट्रोलर दाखवतो तेवढंच. आणि इथेच मी अडकलोय. चांगल्या ब्रँडच्या ज्या ड्राइव्हवर मी बिनधास्त सही केली, तिथेही मी शून्यंच वाचली आणि राखीव जागेबद्दल कंट्रोलरचं ऐकलं. फरक इतकाच, की त्याला खोटं बोलताना कोणी पकडलेलं नाही. एवढ्यावर सही करावी का? केली तर आहे.

ती एसएसडी उघडून एकेक चिप ड्रिलने फोडली. लॅपटॉपला नवी टाकली, शेठ संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग खराडीच्या ॲडमिन मॅडमना फोन केला.

“मॅडम, एक डिस्क पुसली जात नव्हती, ती फोडली. फोटो पाठवतो.”

“ते ठीक आहे हो, पण आमच्या फॉरमॅटमध्ये ‘किती वेळा ओव्हरराइट’ एवढाच रकाना आहे. तिथे सात टाका ना.”

मी ‘डिस्क नष्ट केली’ असं टाकून पाठवलं. मेल परत आलाय. रकान्यात फक्त आकडा चालतो म्हणे.